दादाची गाडी आणि विहिरीचा कठडा

दिवाळी सरली की आमच्या माहेरी दोन कामं एकदम अंगावर येतात. शेतात ऊसतोड, आणि गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडात दादाची गाडी. दिवसा दादाच्या लेथवर ट्रॉल्यांचे हूक, पिना, मोडलेले ॲक्सल यांची रांग असते. रात्री जेवणं झाली की शेडातला बल्ब लागतो, पावसाळाभर गाडीवर पडलेली ताडपत्री निघते आणि आई अंथरुणातूनच म्हणते, "बसलं बघ त्या खेळण्याला तेल पाजत."

खेळणं म्हणण्यासारखीच ती गाडी आहे. दोन माणसं बसतील एवढीच, टप नाही, दारं नाहीत, नाक लांब आणि बूड आखूड. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं १९५७ साली लोटस सेव्हन नावाची गाडी आणली, तिची ही नक्कल. १९७३ पासून तीच गाडी कॅटरहॅम नावाची कंपनी बनवते. सांगाडा इतका साधा की तिकडे लोक घरच्या गॅरेजात तशा गाड्या जोडतात. आपल्याकडेही अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं त्याच धर्तीची रोडस्टर बनवली होती. तिचा फोटो दादानं कुठल्याशा पेपरात बघितला, कात्रण कापलं आणि लेथच्या वर खिळ्याला अडकवलं. पुढची सहा वर्षं ते कात्रण तेलकट होत गेलं आणि खाली गाडी उभी राहत गेली.

इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एका भंगारातल्या ओम्नीचा. ओम्नीच का, तर इंजिन पुढच्या सीटखाली असलं तरी ती मागची चाकं ओढते. सेव्हनलाही मागचीच चाकं ओढायला हवीत. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन म्हटल्यावर शहरातली माणसं हसतात. पण ओम्नीचा सगळा पत्रा काढून टाकल्यावर तेवढंच इंजिन काय पळतं, ते बसल्यावर कळतं. बूड जमिनीपासून वीतभर वर, आणि ताशी चाळीसचा वेगही ऐंशीसारखा वाटतो.

दादाचा एक नियम मात्र पहिल्यापासून आहे: गाडी आपल्या बांधाच्या बाहेर जाणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं ५२ वं कलम त्याला तोंडपाठ आहे. कंपनीनं जशी गाडी बनवली त्यात मनाला येईल तसा बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही. मग भंगारातून जोडलेल्या गाडीला कोण नंबर देणार? त्यामुळे तिची सगळी दौड घरापासून विहिरीपर्यंत आणि परत. वाट आपली, माती आपली.

त्या हिवाळ्यात प्रश्न वेगळाच होता. पुतण्या डिप्लोमाला होता, अठरा पूर्ण झालेला, लायसन नुकतंच हातात पडलेलं. सुट्टीला येताना दोन हेल्मेट घेऊन आला. "आत्ती, ह्यावेळी मी चालवणार," हे त्यानं मला चहाच्या आधी सांगितलं. दादानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भिंतीवर खडूनं यादी लिहिली आणि म्हणाला, "एवढं झालं की किल्ली घे."

मी लहानपणापासून दादाच्या हाताखाली बॅटरी धरायला उभी. पाना कितीचा हवा हे त्यानं मागायच्या आधी मला कळतं. त्यामुळे भाऊबीजेला आलेली मी त्या वर्षी पंधरा दिवस जास्त राहिले, आणि त्या यादीतलं एकेक काम कसं झालं ते बघितलं.

पहिलं काम पेट्रोलच्या पाइपचं. ताडपत्री काढली तेव्हाच वास आला होता. रबरी पाइप बोटानं वाकवला तर त्यावर पायाच्या भेगांसारख्या भेगा. दादा हसला. "आपलाच ऊस आपल्याला खातोय गं." खरंच होतं ते. आमचा ऊस कारखान्याला जातो, तिथं मळीपासून, रसापासून इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळून परत आमच्याच टाकीत येतं. जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, शिवाय हवेतला ओलावाही धरून ठेवतं. पाऊसभर उभ्या राहिलेल्या टाकीत मग काय उरणार? जुनं पेट्रोल उपसून काढलं, इथेनॉलला टिकणारे नवे पाइप घातले, क्लिपा नव्या बसवल्या. टाकी सीटच्या मागेच आहे, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा उभा केला. हाताला लागेल असा दोन किलोचा आग विझवायचा सिलिंडर आणि बॅटरी एका झटक्यात तोडणारा स्विचही आला. वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या.

मग टायर. नक्षी नव्यासारखी दिसत होती, म्हणून पुतण्या म्हणाला, "ह्याला काय झालंय?" दादानं त्याला टायरच्या बगलेवरचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. "झिजला न्हाई म्हंजे म्हातारा झाला न्हाई असं नसतंय," दादा म्हणाला. आमच्याकडे पौषात पहाटे नदीकाठी चांगलाच गारठा असतो, वाटेवर दव पडलेलं असतं. वयानं कडक झालेलं रबर तशा गार ओल्या मातीवर धरतच नाही. चारही टायर बदलले. ब्रेकचं तेलही उपसलं. ते तेल ओलावा पितं, आणि गरम झालं की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. बाटलीत आलेलं जुनं तेल गुळवणीच्या रंगाचं होतं.

सगळ्यात मोठं काम डोक्यामागच्या कमानीचं. गाडी उलटली तर माणसाच्या आणि जमिनीच्या मध्ये काहीतरी हवं. आधी तिथं दादानं शोभेला पातळ नळी लावली होती. पुतण्यानं शर्यतीच्या गाड्यांचे नियम वाचून काढले: ओढीव, बिनजोडाची पोलादी नळी, ४५ मिलिमीटर जाड, भिंत अडीच मिलिमीटरची. तशी नळी कोल्हापुरातून आणली आणि तिथंच मशीनवर वाकवून घेतली, कारण वाकताना चेपलेली नळी ऐन वेळी तिथंच मोडते. खाली जाड प्लेटा टाकून ती थेट सांगाड्याला जोडली. दोन वेल्डिंग दादाला पटले नाहीत, ते त्यानं ग्राइंडरनं कापून परत मारले.

उंची बरोबर आहे का हे बघायची रीत मला फार आवडली. पुतण्याला हेल्मेट घालून सीटवर बसवलं, पट्टे आवळले आणि कमानीच्या माथ्यापासून पुढच्या बॉडीपर्यंत खराट्याची काठी ठेवली. हेल्मेट काठीच्या खाली राहायला हवं. पहिल्यांदा काठी हेल्मेटवरच टेकली. मग सीट दोन इंच खाली घेतली. पट्टे चार जागी बांधायचे, खांद्यावरून मागे जाणारे जवळजवळ आडवे. ते फार खाली ओढले गेले तर धक्क्याच्या वेळी पाठीचा कणाच दाबतात. "मोटारसायकलीला हेल्मेट न्हाई घालत कोन गावात," पुतण्या कुरकुरला. दादा म्हणाला, "गावाचं मला सांगू नगंस."

यादी संपत आली. त्या रात्री आई शेडात आली. ती कधी येत नाही. कमान बघितली, पट्ट्याची बकलं हातात घेऊन उघडून मिटून बघितली.

"ह्यो पट्टा कशाला?"

"गाडी उलटली तर माणूस बाहेर पडू नये म्हणून, आज्जी."

"आन् हिरीत गेल्यावर सोडनार कोन?"

कोणी बोललं नाही. आमची विहीर पणजोबांनी खणलेली, चाळीस फुटांची. तीन बाजूंना दगडी कठडा आहे. चौथी बाजू मोटेची. बैल धावेवरून खालीवर करायचे म्हणून ती मोकळी ठेवलेली. वीज आली, मोट गेली, बैलही गेले. ती बाजू तशीच राहिली. आणि गाडीची वाट नेमकी त्या धावेवरून विहिरीकडे चढते. मी सात वर्षांची असताना आमच्या बैलजोडीतला एक त्याच बाजूनं पाण्यात गेला होता. गावानं दोर लावून त्याला वर काढेपर्यंत आई दोन्ही हात कानांवर ठेवून बसली होती. ती त्यानंतर त्या बाजूला कधी गेली नाही.

दादानं पाना खाली ठेवला. खडू घेतला आणि यादीच्या तळाला नव्हे, सगळ्यात वर लिहिलं: कठडा.

दुसऱ्या दिवसापासून गाडीचं काम थांबलं. बापलेकांनी आणि दोन गवंड्यांनी मिळून धावेच्या तोंडाला दगडी भिंत उचलली, कमरेएवढी उंच, दीड फूट रुंद. तिच्या अलीकडे मातीचा बांध घातला आणि काळ्या दगडांची रांग लावली. वळायची जागा विहिरीपासून पन्नास पावलं अलीकडे आणली. कठड्याला जेवढे पैसे लागले तेवढे गाडीच्या त्या वर्षीच्या सगळ्या कामांना मिळून लागले नाहीत.

भिंत ओली असतानाच बीडकडच्या ऊसतोड्यांची टोळी आमच्या रानात उतरली. पालं पडली ती विहिरीच्या जवळच, पाणी तिथं म्हणून. टोळीसोबत पाच-सहा लेकरं. आईबाप पहाटेच कोयते घेऊन फडात, आणि लेकरं दिवसभर विहिरीच्या आजूबाजूला. त्यातली सगळ्यात बारकी एक पोर नव्या कठड्यावर हनुवटी टेकवायला टाचा उंच करत होती, आणि तरीही तिला पाणी दिसत नव्हतं. ती टोळी दर वर्षी येते, आणि दर वर्षी तिथंच उतरते. त्या उघड्या बाजूकडे आम्ही घरच्या सगळ्यांनी चाळीस वर्षं बघितलं होतं.

माघात एका रविवारी पुतण्यानं गाडी चालवली. धुकं विरेपर्यंत दादानं थांबवलं. हेल्मेट, पट्टे, मग दादानं स्वतः ब्रेक तीनदा दाबून बघितला आणि किल्ली दिली. गाडी लिंबापर्यंत गेली, बांधाच्या अलीकडे वळली, धूळ उडवत परत आली. टोळीतली लेकरं कठड्यावर ओळीनं बसून ओरडत होती. आईनं त्यांना तिथून उतरवून दाराशी बसवलं आणि प्रत्येकाच्या हातावर गूळशेंगदाणे ठेवले.

पुतण्यानं विचारलं, "आज्जी, येतीस का एक फेरी?"

"मला न्हाई जमायचं त्या डब्यात," आई म्हणाली, आणि घागर घेऊन धावेच्या वाटेनं विहिरीकडे निघाली.