आधीचा कागद

१३ ऑगस्ट
झड. रजिस्टर ओलं. वरच्या आळीतली घरं राहिली.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला पारावरचे भाऊ नव्हते. वहिनी म्हणाली, पोळ्याच्या तोंडावर बैलजोडी विकायला काढली. सोयाबीन पिवळं पडलंय, पण बैल?

१६ ऑगस्ट
त्यांच्या घरी गेले. बीपीच्या निमित्तानं. आम्हा आशांच्या फॉर्मात मनाचे दोनच प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं झालं? उदास वाटलं? दोन्हीला मान हलवली. "झोप नाई लागत वं ताई." नजर धुऱ्याकडे.

रात्री
पुढचा प्रश्न फॉर्मात नाही. हे म्हणतात, विचारू नको, नसलेलं डोक्यात भरशील. प्रशिक्षणात उलट सांगितलं होतं: विचारल्यानं विचार शिरत नाही, माणसाला बोलायला जागा होते.

१७ ऑगस्ट
विचारलं. सरळच. "भाऊ, जीव द्यावा असं येते का मनात?"
गप्प. बिडी विझली तरी बोटात तशीच.
"येते. रातच्याले."
मी उठले नाही. कर्ज, सावकार, पोरीचं शिक्षण, सगळं निघालं. मध्ये बोलले नाही. "असं बोलू नये" हे तर अजिबातच नाही.
निघताना वहिनीला बाजूला घेतलं. फवारणीचं औषध तिच्या भावाच्या घरी, कुलपात. आजच. झटका थोड्या वेळाचा असतो, त्या वेळी हाताशी काही नको.
रात्री एकटं ठेवायचं नाही. पोरगा त्यांच्याजवळ झोपेल.

१८ ऑगस्ट
उपकेंद्रात. सीएचओ मॅडमनी नऊ प्रश्नांचा फॉर्म भरला. मग १४४१६ लावला. टेलि-मानस, दिवसरात्र चालू, पैसे नाहीत. पलीकडचा माणूस मराठीत बोलला. भाऊ आधी "हो, हो" करत होते, मग फोन हातात घेऊन बाहेर गेले.
वहिनीची भीती वेगळीच. दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील? मॅडम म्हणाल्या, विचार येणं गुन्हा नाही. कोणी प्रयत्न केला तरी २०१७ च्या कायद्यानं तो तीव्र ताणाखाली होता असंच धरतात.

२१ ऑगस्ट
जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे. एसटीत तिघं. गोळ्या सुरू. गुण यायला दोन-चार आठवडे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. हे वहिनीला दोनदा सांगितलं, भाऊंना तीनदा.

२२ ऑगस्ट
पोळा. जोडी अजून दावणीला. शिंगं पोरानं रंगवली. तोरणाखाली भाऊ गेले नाहीत.

३० ऑगस्ट
आशाचा मोबदला अजून नाही.

२ सप्टेंबर
शेजारच्या गावात एका शेतकऱ्यानं जीव दिला. दुपारपर्यंत फोटो गावच्या ग्रुपवर. सरपंचांकडे गेले, काढायला लावला. अशा बातम्या, फोटो बघून आधीच खचलेल्याला वाट सापडते.
आता तिथे तलाठी जाईल. मदतीला पात्र की अपात्र, पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख. तो कागद माणूस गेल्यावर निघतो. माझा आधीचा.
संध्याकाळी भाऊंच्या ओट्यावर बसले. त्यांनीच विषय काढला.

६ सप्टेंबर
"मले बरं वाटते, गोळ्या कायले?" पुन्हा समजावलं.

१० सप्टेंबर
आत्महत्या प्रतिबंध दिन. शाळेची फेरी, बॅनर, चहा. डॉक्टरांनी श्रीलंकेचं सांगितलं: सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी येत गेली, १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी उतरलं. कर्ज तिथेही असेलच.
कृषी केंद्रवाल्या दादांना गाठलं. हंगाम नसताना एकटा माणूस उधारीवर औषध मागायला आला, चेहरा पडलेला असला, तर बसवा, चहा पाजा, मला फोन करा. म्हणाले, "नंबर काचेवर लावतो."

१९ सप्टेंबर
भाऊ डवऱ्यावर. मला बघून हाक मारली: "पोरीचं ॲडमिशन झालं वं!"
झोप? "चार-पाच तास." रजिस्टरात लिहिलं. पुढची भेट आठवड्यानं. बरं दिसलं म्हणून जाणं थांबवायचं नाही.

२० सप्टेंबर
खालच्या आळीतली एक सासू वाटेत अडवून म्हणाली, "आमच्या सुनेलेही विचार तसंच." उद्या दुपारी, सासू शेतात गेल्यावर. फॉर्म संपलेत. झेरॉक्स काढायच्या.