शहाबादी फरशी आणि लिंबाचा थेंब

दगडाला काय होतंय, असं आपण सहज म्हणून जातो. त्र्यंबकला राहणाऱ्याने तरी तसं म्हणू नये. नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेल्या इथल्या काळ्या दगडाच्या मंदिराला अडीचशे वर्षं होऊन गेली, आणि जानेवारी 2023 मध्ये संवर्धनाच्या कामासाठी ते काही दिवस दर्शनाला बंद ठेवावं लागलं. पाण्याने, हातापायांनी, धुराने दगड झिजतोच. घरातल्या दगडाकडे मात्र कुठलं खातं लक्ष देत नाही, ते आपल्यालाच द्यावं लागतं.

आमच्या जुन्या घरात तीन जातींचे दगड आहेत. पाटा-वरवंटा आणि जोत्याचे चिरे इथल्याच सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे. माजघर आणि स्वयंपाकघरात शहाबादी फरशी, आणि ओटा कडप्प्याचा. शहाबाद म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, एकेकाळी निजामाच्या राज्यातलं गाव. कडप्पा आंध्रातलं. गावांची नावंच दगडाला चिकटली. उर्दूच्या तासाला ‘अर्श’ आणि ‘फर्श’ ही जोडी आली की मी मुलांना सांगते, आपण मराठीत म्हणतो ती फरशी याच ‘फर्श’ची लेक आहे. पसरलेलं, अंथरलेलं ते फर्श. मग त्यांना संगमरवरातला ‘संग’ही आपोआप सापडतो.

पण भाषेपेक्षा घरात उपयोगी पडते ती दगडाची जात. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडक. संगमरवरही मुळात त्याच कुळातला. चुनखडकाचं आणि आंबटाचं हाडवैर. लिंबू, चिंच, व्हिनेगर, अगदी दह्याचं पाणीसुद्धा त्यातला चुना खातं आणि चकाकी जाऊन फिकट, खरखरीत खूण उरते. पाट्याच्या काळ्या दगडाला किंवा ग्रॅनाइटला लिंबाने सहसा काही होत नाही. आपल्या घरात कोणता दगड आहे हे कळत नसेल, तर ओट्याखालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाकावा आणि पाच मिनिटांनी पुसावा. डाग पडला तर चुनखडक. बारीक बुडबुडे दिसले तर शंकाच नको.

रमजानमध्ये आमच्यासारख्या घरांतल्या ओट्यांची परीक्षा असते. इफ्तारच्या घाईत शरबतचे ग्लास, कापलेली लिंबं, चाटच्या चिंचेची वाटी, सगळं कडप्प्यावर. ईदपर्यंत ओट्यावर चंद्रकोरी उमटलेल्या असतात. हा डाग नव्हे, हे लक्षात घ्यायला हवं. डाग म्हणजे दगडात काहीतरी शिरलेलं. ते ओढून बाहेर काढता येतं. इथे दगडच गेलेला असतो. घासून घासून तो परत येत नाही, नव्याने पॉलिश करावं लागतं. त्यापेक्षा एक जुनं ताट ठेवावं आणि लिंबाचं सगळं काम त्या ताटात करावं. खोबरेल तेलाचा हात फिरवला की कडप्पा काळाभोर दिसतो हे खरं, पण ती चार दिवसांची चमक. जास्त तेलावर धूळ बसून चिकटा होतो.

आणि ॲसिड. सणाच्या आधी बाटलीतलं ॲसिड ओतून फरशी ‘पांढरी’ करायची पद्धत आपल्याकडे फार. ओळखीच्या एका घरी असंच केलं. फरशी फेसाळली, सगळ्यांना वाटलं मळ निघतोय. निघत होती ती फरशी. वरचा गुळगुळीत थर गेला की दगड उघडा पडतो आणि पुढचा मळ दुप्पट वेगाने धरतो. त्यावर कुणी ब्लीच ओतलं तर विषारी क्लोरीन वायू होतो, ते वेगळंच. साध्या फरशीला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. साबण मात्र लिंबाचा नको.

गेल्या वर्षी भाच्याचं लग्न ठरलं आणि धाकट्या भावाने सगळी फरशी उखडून चकचकीत टाइल्स टाकायचं काढलं. त्याची बाजू अगदीच चुकीची नव्हती. दोन फरशा खचल्या होत्या, सांधे उघडे पडले होते, पाहुण्यांपुढे लाज वाटायची. माझी अडचण अम्मीची होती. तिची नजर काचबिंदूने अधू झाली आहे. न्हाणीपासून माजघरातल्या जानमाजपर्यंत ती पायाच्या तळव्याने जाते: इथे रुंद सांधा, मग उंचवटा, मग गार पट्टा. त्र्यंबकच्या चार महिन्यांच्या पावसात ओल्या पायांनी गुळगुळीत टाइलवर चालायचं म्हणजे हाड मोडून घ्यायचं आमंत्रण. भाऊ म्हणाला, “आपा, तू दगडात अडकतेस.” मी म्हटलं, “मी अम्मीच्या पायात अडकते.”

शेवटी पुढच्या खोलीत टाइल्स आल्या आणि आतल्या दोन खोल्या वाचल्या. नाशिकहून एक वयस्कर मामा आले. आधी त्यांनी वरवंट्याने प्रत्येक फरशी ठोकून पाहिली. जिथे आवाज पोकळ, तिथे खडूची फुली. चौदा फुल्या पडल्या. पहारीने अलगद उचलून, खाली मुरूम दाबून, त्याच फरशा त्याच जागी बसवल्या. जाड शहाबादीचा हा मोठा गुण. टाइल एकदा उचकटली की बहुतेक वेळा तुटतेच. मग मशीनने घासाई, जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत. रबडी सगळीकडे उडाली. मी आधीच सांगून ठेवलं होतं की आरशासारखं पॉलिश नको, पायाला पकड राहू द्या. मामा हसले, “ताई, पहिल्यांदा कुणीतरी कमी मागतंय.” ओट्याच्या कडेची भेग त्यांनी दगडाची भुकटी कालवलेल्या एपॉक्सीने भरली. जवळून पाहिलं तर दिसते. दिसू दे.

तेलाचे डाग मात्र मी स्वतः काढले. मुलतानी माती पाण्यात घट्ट कालवून जाड लेप द्यायचा, वर प्लास्टिक, दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना माती तेल ओढून घेते. जुन्या डागाला दोन-तीन लेप लागतात. पुरातत्त्व खात्याने 1994 पासून ताजमहालाच्या संगमरवराचा पिवळेपणा काढायला वापरली तीही मुलतानी मातीच.

मामांनी जाताना एकच ताकीद दिली: फरशीवर चकाकीचं कोटिंग मारू नका. आमच्याकडे जमिनीतून ओल वर येते आणि पाऊस सरला की सांध्यांपाशी पांढरी भुकटी फुलते. ते क्षार असतात. कोरड्या ब्रशने झाडून टाकायचे, धुवायचे नाहीत, नाहीतर पाण्यासोबत पुन्हा आत जातात. वरून कोटिंग असलं तर ओल खाली कोंडते आणि पापुद्रे सुटतात.

दाराशी जाड पायपुसणंही आता दोन ठेवली आहेत, कारण चपलेतली वाळू चुनखडकापेक्षा बरीच कठीण असते आणि रोज थोडी थोडी ओरखडते. गॅसच्या सिलिंडरखालची गंजाची कडी तेवढी अजून आहे. सिलिंडरसाठी चाकांची प्लास्टिकची ट्रॉली आणली; गंजाचं नंतर पाहू. अम्मीने पहिल्याच दिवशी न्हाणीपासून जानमाजपर्यंत एकदा जाऊन पाहिलं आणि विचारलं, “वो ऊँचीवाली कहाँ गई?” खचलेल्या फरशीशेजारचा उंचवटा मामांनी सपाट केला होता. तिला वाट नव्याने शिकायला आठवडा लागला.