खानदेशातून घरी

भुसावळ, जून

प्रिय आई-पप्पा,

सुखरूप पोचले. सुरतेहून गाडी वळली की नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगाव येतं आणि पुढे भुसावळ. शेतं नांगरून पावसाची वाट बघताहेत. हिरवं काय ते केळीच्या बागांत. भुसावळ पक्कं रेल्वेचं गाव. नोकरीच्या निमित्तानं गोव्याची, अँग्लो-इंडियन कुटुंबं इथं आली. मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात एका आजींनी आमची सगळ्यांची चौकशी केली आणि चहाला घरी नेलं.

आमच्या वर्षभराच्या सेवा कार्यक्रमाचं इथलं प्रशिक्षण झालं की आम्हा चौघींना धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात एका वसतिगृहावर पाठवणार आहेत.

आई, निघताना तू विचारलंस, सेवाच करायची तर वसईत काय कमी आहे? खरं आहे. व्हिन्सेंट डी पॉलची आपली मंडळी गरजू घरांना भेटी देतात, ते मोलाचंच आहे. पण भेट देणारा संध्याकाळी आपल्या घरी परततो. आम्ही मात्र वर्षभर वसतिगृहाच्याच आवारात राहायचं, मुलं पितात ते पाणी प्यायचं, वीज गेली की त्यांच्याबरोबर अंधारात बसायचं.

ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. 1956 साली अलास्कातल्या कॉपर व्हॅलीत जेझुइट फादर आणि सिस्टर तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालवू लागले. मदतीला तरुण मुलं-मुली जाऊन राहिल्या. पुढे त्यातून जेझुइट व्हॉलंटियर कोअर उभं राहिलं. श्रद्धा, न्याय, साधी राहणी आणि एकत्र राहणं, या चार गोष्टी त्यांनी धरल्या. आमच्या कार्यक्रमानंही त्याच धरल्यात.

पण पप्पा, निवासी शाळांची दुसरी बाजूही प्रशिक्षणात स्पष्ट सांगितली, त्याचं मला बरं वाटलं. कॅनडात चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांनी मूळ रहिवाशांची मुलं घरापासून तोडली, त्यांची भाषा तोडली. जुलै 2022 मध्ये पोप फ्रान्सिस तिथं जाऊन त्याबद्दल माफी मागून आले. मुलांना आपल्याकडे ठेवून घेणाऱ्या प्रत्येकानं हे डोक्यात ठेवूनच कामाला लागावं.

तुमची,
लाडकी

साक्री तालुका, सप्टेंबर

प्रिय आई-पप्पा,

पाऊस चांगला आहे. समोरच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. वसतिगृहातली मुलं भिल्ल, कोकणा, थोडी मावची. त्यांच्या आपसातल्या बोलण्यातलं मला आता निम्मं कळतं. अभ्यासाला बसल्यावर मराठी, बाकी वेळी ज्याची जी बोली ती. 'नीट बोल' असं इथं कुणी कुणाला म्हणत नाही.

आम्ही चौघी एका खोलीत. मानधन अगदी थोडं, तेही एका डब्यात एकत्र. त्यातून तेल, साबण, रिचार्ज. स्वयंपाकाची पाळी. नागलीची भाकरी मला अजून थापता येत नाही, ती आमच्यातली हरेगावची मैत्रीण करते. ती आणि मी, हाच इथला माझा मोठा धडा आहे. आपण वसईकर साडेचारशे वर्षांच्या चर्चबद्दल बोलतो, आपल्या वाड्या, आपला बँड, आपली लग्नं. तिचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. ख्रिस्ती झाल्यावर लोकांनी त्यांना माणूस म्हणून हाक मारली, हे ती ज्या पद्धतीनं सांगते ते ऐकून माझी मान खाली गेली. आजोबा ज्याची वाट बघायचे तो 'निरोप्या' 1903 साली फादर डोरिंगनी तिच्याच जिल्ह्यातून, केंदळहून काढला. आपल्या घरात इतकी वर्षं ते मासिक आलं, पण तिकडचं माणूस आपल्या घरी जेवायला कधी आलं नाही. या महिन्यात हरेगावला मतमाउलीची यात्रा असते. मैत्रिणीबरोबर मीही दोन दिवस तिथं जाऊन आले.

आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त एकमेकींशी बोलण्यासाठी. कुणाचं काय खुपलं ते त्याच वेळी सांगायचं, मागून नाही. घरात आपण हे कधी केलं नाही.

बाजारात एका मावशींनी मला थेट विचारलं, "तुम्ही पोरांना ख्रिस्ती करता का?" विचारायलाच हवं होतं त्यांनी. मी सांगितलं, मुलं शाळेतली प्रार्थना म्हणतात, आमची प्रार्थना आमच्या खोलीत. आई-बापांनी मूल आमच्यावर सोपवलं आहे ते शिकण्यासाठी. माझी श्रद्धा मला इथं घेऊन आली, पण ती त्यांच्या पोरांवर लादायचा हक्क त्यातून मिळत नाही. त्या मावशी आता शनिवारी मेथीची जुडी जास्तीची देतात.

धुळे, डिसेंबर

प्रिय आई-पप्पा,

वसतिगृहाच्या फादरांबरोबर औषधं आणायला धुळ्याला आले आहे. दुपारी वेळ मिळाला तर कारागृहावरून गेलो. 1932 साली विनोबांनी इथं दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याआधी गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे. मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे आवरायचे. अलास्काचं उदाहरण इतक्या दुरून आणावं लागलं याचं मला वाईट वाटलं. ज्या वाटेनं मी आले त्याच वाटेवर हे घडलं होतं. आमच्या पुढच्या प्रशिक्षणात अमळनेरचं नाव आधी यावं, असं मी फादरांना सांगितलं. त्यांना पटलं.

दिवाळीनंतर साक्रीकडची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बारडोली, महुवा भागात ऊस तोडायला ट्रक भरून माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान पोर सोबत गेलं की शाळा सुटली, वसतिगृह असलं तरच ते मागे राहतं. तरी मला हे समाधानाचं वाटत नाही. आपण मूल सांभाळतो म्हणून आई-बाप निर्धास्त ऊस तोडायला जातात. रोजगार गावातच मिळाला तर आमची गरज उरणार नाही, आणि तसंच व्हायला हवं. नंदुरबारला जेझुइट फादरांचं जनसेवा मंडळ आदिवासी शेतकऱ्यांबरोबर काम करतं. खरं मूळ तिथं आहे, जमिनीत आणि पाण्यात.

रविवारी रात्री फडावरून फोन येतात. चौथीतली एक मुलगी दोन्ही हातांनी फोन कानाला धरते. तिकडून बाप काही बोलत नाही, ही पण नाही. मागे ट्रकचा हॉर्न, कुणीतरी हाक मारतं, कुत्रं भुंकतं. ती ते सगळं ऐकून घेते. मग एवढंच म्हणते, "जेवले," आणि फोन पुढच्या मुलाला देते. पहिल्या रविवारी मी तिला म्हणाले, बोल ना काहीतरी. हरेगावच्या मैत्रिणीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

साक्री तालुका, मार्च

प्रिय आई-पप्पा,

होळीला फडावरची माणसं गावी येतात, काहीही झालं तरी येतात. म्हणून वसतिगृह रिकामं करायचं, सगळ्या मुलांना घरी पाठवायचं. त्या चौथीतल्या मुलीच्या आईनं आम्हालाही बोलावलं. उपवासकाळ चालू आहे, जावं का, असा आमच्यात एकीला प्रश्न पडला. फादर म्हणाले, बोलावणं आलंय ना, मग जा. रात्रभर ढोल, बासऱ्या, कमरेला घुंगरं बांधलेले गडी. मुलगी आईच्या मागेमागे होती, आमच्याकडे तिनं फिरूनही पाहिलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

ईस्टरला मला येता येणार नाही, परीक्षा आहेत. पप्पा, पैसे पाठवू नका, ते डब्यात जातील आणि हिशेबाला बसावं लागेल. त्यापेक्षा मुलांसाठी जुनी मराठी गोष्टींची पुस्तकं जमवा, चर्चमध्ये सांगा.

मे महिन्यात येईन तेव्हा हरेगावची मैत्रीण सोबत असेल, आठवडाभर राहील. आई, तिच्यासाठी पाहुण्यांची खोली काढू नकोस. माझ्याच खोलीत झोपेल, आणि भाकरी तीच थापेल, तिला आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
लाडकी