स्वकष्टार्जित उडी

आमच्या घराण्यात उंच माणूस झालेला नाही. आजोबा पाच फूट तीन इंच, वडील पाच फूट तीन इंच आणि मी बूट घालून पाच फूट तीन इंच. त्यामुळे नातीला व्हॉलीबॉलच्या संघातून वगळलं तेव्हा, "आबा, तुमची उंची नडली," हे तिचं बोलणं मी आरोपीसारखं मान खाली घालून ऐकलं. बायकांच्या खेळात जाळी २.२४ मीटरवर असते. आमचं घराणं तिच्याकडे फक्त आदरानं पाहू शकतं.

शेवटी गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात एका जाणत्या प्रशिक्षकानं धीर दिला. भिंतीशी उभं राहून हात वर करा, खडूची खूण करा. मग जागच्या जागी उडी मारून दुसरी खूण करा. मधलं अंतर ती तुमची उडी. डडली सार्जंट नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९२१ साली ही परीक्षा मांडली. यात उंची चक्क वजा होते! उभा जन्म नोंदणी कचेरीत घालवल्यामुळे मला लगेच उमगलं : उंची वडिलोपार्जित, उडी बरीचशी स्वकष्टार्जित. माझा जीव भांड्यात पडला.

जमीन जितक्या जोरानं ढकलाल तितकं अंग वर जातं. म्हणून आधी पायांत बळ, मग वेग. एक दिवसाआड पाठीवर वजन घेऊन बैठका. नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे लहानपणी मक्याच्या भुशावर उड्या मारत उंच उडीत २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोचला. त्याला मका, तर आम्हाला ज्वारी! दप्तरात आधी दोन किलो, मग चार, मग सहा. सौभाग्यवती दळणाला निघाल्या, तर डबा रिकामा.

पुढं पाटावरून खाली उतरून लगेच वर उसळायचं. उतरायचं मांजरासारखं, गुडघे आत पडू न देता. खालचे शेजारी तरी विचारून गेले, "हत्ती पाळलाय का?" नात मांजरासारखीच उतरत होती. हत्ती मी होतो.

पण महिना झाला तरी रेघ ३० सेंटिमीटरवरून हलेना. एका संध्याकाळी पोरीनं दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि भिंतीकडे पाठ करून रडत बसली. मला काही सुचेना. मी ते दप्तर पाठीला लावलं आणि बैठक मारली. खाली गेलो, वर येण्याचं काही जमेना. "अहो, सोडा आता!" म्हणत सौभाग्यवतींनी एक हात धरला, दुसरा नातीनं. ती रडता रडता हसली आणि माझ्या पाठीवरचं दप्तर तिनं आपल्या पाठीवर घेतलं.

दुसऱ्या महिन्याअखेर रेघ ३५ वर गेली. संघात राखीव म्हणून का होईना, नाव लागलं.

दिवाळीला रंगारी आला. म्हणाला, "वरच्या रेघा ताईंच्या, मग या खालच्या दोन कुणाच्या? पुसू?"

मधलं अंतर नऊ सेंटिमीटर होतं. मी म्हटलं, "राहू दे बाबा. एवढीच माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे."