बांगड्या, पाटे आणि शॉकअप

आमच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. बांगडी ‘वाढली’ म्हणायचं. हा शब्द मूळ गिऱ्हाइकांचा, गावोगावच्या बायकांचा. त्यांच्या हातात बांगड्या भरता भरता तो आम्हा मणियारांच्या तोंडी कधी बसला, ते कुणालाच सांगता येणार नाही. घरात दख्खनी बोलतानाही अम्मी म्हणते, “आज दो डझन वाढ्या.” एखादी वाढली तर कुणी मनावर घेत नाही. काचेचा धंदा आहे. पण दोन वर्षांपूर्वी हा शब्द आमच्याकडे रोज संध्याकाळी ऐकू येऊ लागला आणि त्याचं कारण बांगड्यांत नव्हतं, गाडीत होतं.

गाडी म्हणजे २००८ ची मारुती ओम्नी. दोन लाख किलोमीटर कधीच मागे पडलेत. अब्बा आणि धाकटा भाऊ तिच्यात खोकी भरून जुन्नरहून बाजार आणि जत्रा करतात. पश्चिमेला आपटाळे, घाटघर, मढ. दक्षिणेला आंबेगाव तालुक्यात घोडेगाव, शिनोली, डिंभे आणि पोखरीचा घाट चढून तळेघर. (ज्या आंबेगावचं नाव तालुक्याला आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो.) पश्चिम पट्टा भाताचा. तिथला पाऊस डांबर टिकू देत नाही, आणि खड्ड्यात टाकलेला मुरूम पुढच्या सरीत वाहून जातो. पूर्वेला ऊस. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याला चाकोऱ्या पाडतात. वर प्रत्येक गावाने आपापल्या मापाने घातलेले गतिरोधक. काही तर इतके उभे की गाडी चढते आणि पलीकडे आपटते.

भावाचं म्हणणं, ओम्नी विकू आणि हप्त्यावर ईको घेऊ. अब्बांना व्याजाचं कर्ज नको. त्यांनी आयुष्यात घेतलं नाही, आता अडुसष्टाव्या वर्षी घेणार नाहीत. त्यावर घरात वाद झाला नाही, कारण हिशेब माझ्याकडे असतो आणि हप्ता परवडत नाही हे मला व्याजाशिवायही दिसत होतं. शिवाय पंधरा वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये पाच हजार रुपये फी भरून गाडीचं पासिंग पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतलं होतं. म्हणजे २०२८ पर्यंत हीच गाडी. मारुतीने ओम्नी २०१९ मध्ये बंद केली, तरी सुटे भाग नारायणगाव, मंचर, आळेफाट्याला सहज मिळतात. प्रश्न एवढाच होता की बारा हजारांच्या आत हिचं बसणं-उठणं सुधारतं का.

मी दहावीपासून धंद्याची वही लिहिते. त्यात ‘वाढ’ असा एक रकाना आहे. गाडीवर खर्च करायचा ठरल्यावर मी त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने आखले: कोणता रस्ता, आणि जाताना की येताना. भावाला हसू आलं. पण दीड महिन्यात जे दिसलं ते आमच्या सगळ्यांच्या समजाच्या उलट होतं. भरल्या गाडीत बांगड्या कमी वाढत होत्या. परतीच्या वाटेवर, खोकी अर्धी झाल्यावर, जास्त. तळेघरच्या एका फेरीत जाताना अर्धा डझन, येताना पाच डझन.

हे असं का, ते समजायला गाडीच्या खाली वाकावं लागतं. ओम्नीला पुढे स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या नळीत. मागे पाटे आहेत. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची ही कमान जुनीच युक्ती; लंडनच्या ओबाडाया इलियटने १८०४ मध्ये घोडागाडीच्या कमानींचं पेटंट घेतलं होतं. पाट्याचं काम वजन पेलण्याचं आणि दबून धक्का गिळण्याचं. पण दबलेला पाटा उसळतोही, आणि उसळत राहतो. ती उसळी मारून टाकण्याचं काम शॉकअपचं: आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते, गाडी शांत बसते. ओम्नीचे पाटे भरल्या गाडीच्या हिशेबाने केलेले. गाडी भरलेली असली की ते मऊ वागतात, रिकामी झाली की ताठ. त्यात पट्ट्यांमध्ये गंज बसला की त्या एकमेकींवर सरकत नाहीत. छोट्या खड्ड्याला पाटा हलतच नाही, धक्का सरळ वर खोक्यात. आणि शॉकअप मेलेला असला की मोठ्या खड्ड्यानंतर मागचं चाक रस्त्यावर उड्या मारतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम १,८४० मिलिमीटर, त्यामुळे गाडी पाळण्यासारखी पुढे-मागे झुलते ते वेगळंच.

आजोबा खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्या घेऊन पायी फिरायचे. अब्बा सांगतात, त्यांच्या बांगड्या फारशा वाढत नसत. माणसाचा गुडघा आणि घोटा यांच्याइतकं चांगलं काही कुठल्या कारखान्याने केलेलं नाही.

सल्ले भरपूर मिळाले. सगळ्यात जास्त मिळालेला सल्ला: मागे एक पाटा वाढवा. या भागात टोमॅटो-कांद्याच्या गाड्यांना सर्रास वाढवतात आणि ज्याला रोज भार न्यायचा आहे त्याचं ते बरोबरही असेल. आमचं नुकसान रिकाम्या गाडीत होत होतं. आणखी एक पाटा म्हणजे ती आणखी ताठ. वही नसती तर हा पाटा नक्की बसला असता, कारण सांगणाऱ्यांचा आवाज मोठा होता. दुसरा सल्ला स्वस्तातला: जुने शॉकअप भरून घ्या. नळीला भोक पाडतात, तेल ओततात, वेल्डिंगने बंद करतात. दोन-तीनशे रुपयांत काम होतं आणि आठ दिवस गाडी छान चालते. पण आतला झडपांचा पिस्टन झिजलेला, सील तेच. तेल पुन्हा गळायला किती वेळ लागणार? तिसरा सल्ला हायवेवरच्या एका गॅरेजने दिला: स्प्रिंगखाली गोळे बसवून गाडी उचला, रुंद टायर टाका. अठ्ठावीस हजार. उंचावलेली ओम्नी, तीही भरलेली, पोखरीच्या वळणांवर कशी झुकेल, याचा विचार सांगणाऱ्याने केला नसावा.

आमचे मिस्त्री घोडेगावचे. अब्बांना चाचा म्हणतात, मला ताई. त्यांनी आधी गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडला. चांगल्या शॉकअपवर गाडी वर येते आणि थांबते. आमची मागून तीन-चारदा झुलली. मग टायरवरून हात फिरवायला सांगितला. रबरावर लाटांसारखे उंचवटे लागले. चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, नाचतं, त्याची ही खूण. शेवटी टॉमी घालून पुढचे लोअर आर्म हलवून पाहिले. बुशांचं रबर फाटलं होतं, लोखंड लोखंडावर वाजत होतं. पुढच्या खडखडीचं मूळ तिथे होतं, आणि बहुधा अब्बांच्या कंबरेचंही, कारण ओम्नीत चालवणारा पुढच्या चाकावरच बसलेला असतो.

अब्बा खाली वाकून बघत होते. म्हणाले, “हड्ड्यां अच्छ्या हैं इसके. जोडां गये.”

निदान तेच होतं. पाटे तुटले नव्हते, चासी गंजली नव्हती. गेलं होतं ते रबर आणि तेल. या दोन गोष्टी गाडीत सगळ्यात स्वस्त असतात आणि लोक सगळ्यात शेवटी बदलतात.

पैसे एकदम नव्हते, म्हणून काम दोन टप्प्यांत केलं. श्रावणाआधी मागची बाजू, कारण नागपंचमीपासून गौरीपर्यंत आमचा मोठा हंगाम असतो. (दुसरा ईदच्या चाँदरातीचा, त्या रात्री जुन्नरच्या पेठेत बसायला जागा नसते.) पाटे उतरवले, सुटे केले, तारेच्या ब्रशने गंज काढला, पट्ट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरलं. पाट्याच्या डोळ्यातले आणि शॅकलचे रबरी बुश नवे घातले, मधला बोल्ट आणि यू-बोल्ट नवे, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितकाच धरत नाही. कमान भरून घ्यायची का, हेही विचारलं. मिस्त्रींनी दोन्ही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. दोन्हीकडे सारखंच होतं. “तापवून कमान भरली आणि पाणी नीट चढलं नाही, तर चार महिन्यांत पुन्हा बसेल. राहू द्या.” मग मागचे दोन शॉकअप. जोडीनेच बदलायचे. एक नवा आणि एक जुना म्हणजे ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढणार.

एक गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि ती कुणालाही उपयोगी पडेल. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यावर आल्यावर शेवटचा पाना फिरवायचा. लटकत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि रोज पिळलेलंच राहून लवकर फाटतं. घाईतल्या गॅरेजात हे करत नाहीत. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घेतले.

पुढची बाजू दिवाळीनंतर. स्ट्रटची जोडी, त्यांची वरची माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर बारचं रबर. स्ट्रट घेताना एका दुकानात निम्म्या किमतीची जोडी समोर ठेवली गेली. खोक्यावर नाव कंपनीचं, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. मी खोकं उलटं करून दाखवलं तेव्हा दुकानदार म्हणाला, “ताई, आतला माल तोच आहे.” आम्ही बाहेर पडलो आणि दुसरीकडून गॅब्रिएलची जोडी घेतली. गॅब्रिएलचा कारखाना याच पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणला आहे. भारीतले गॅसचे घ्यावेत का, यावर भावाने बरंच वाचलं होतं. गाडी वेगात, खूप वेळ खडबडीत रस्त्यावर चालत असेल तर आतल्या तेलाला फेस येतो आणि गॅसचा दाब तो रोखतो. आमची गाडी चाळीसच्या पुढे क्वचित जाते. मूळ गाडीला होते तसेच घेतले. पुढचं काम झाल्यावर अलाइनमेंट; ती आधी करून उपयोग नव्हता, कारण सैल बुशांवर केलेली अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात बिघडते.

खर्च वहीतून उतरवते. पुढची स्ट्रटची जोडी ३,४०० रुपये, मागचे शॉकअप १,७००, माउंटिंग ९००, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि बारचं रबर मिळून १,३००, पाट्यांचे बुश आणि बोल्ट ८५०, मजुरी दोन्ही वेळची २,८००, अलाइनमेंट ३५०. एकूण ११,३००.

याशिवाय फुकटची दोन कामं. हवा भरणारा मुलगा चारही चाकांत दाबून हवा भरायचा, “माल असतो ना” म्हणून. फुगवलेला टायर दगडासारखा उसळतो. आता पुस्तकात दिलेला दाब कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवला आहे. आणि जुन्या गादीचा कापूस पिंजून दोन जाड चटया शिवल्या, खोक्यांखाली घालायला. संध्याकाळी रिकामी झालेली जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरायची, म्हणजे उरलेली खोकी एकमेकांवर आदळत नाहीत. अम्मीच्या मते निम्मं श्रेय चटयांचं. असेलही, पण चटया श्रावणाआधी घातल्या आणि पुढची खडखड दिवाळीनंतर थांबली.

वहीतला रकाना आता असा दिसतो: तळेघरच्या फेरीला येताना चार, सहा, तीन, सात. डझन नव्हे, नग. एकदा शून्य आहे, त्या दिवशी पावसामुळे बाजारच भरला नव्हता. अब्बांची कंबर दुखायची थांबलेली नाही. घोडेगावहून परत आल्यावर मात्र ते आता लगेच आडवे होत नाहीत, सव्वादोन आणि अडीचच्या बांगड्या वेगळ्या करत बसतात.

गेल्या आठवड्यापासून गिअर टाकताना खालून ‘टक्’ असा आवाज येतोय. मिस्त्री म्हणाले, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस असेल, गौरी-गणपती होऊ द्या, मग खोलू. वहीच्या शेवटच्या पानावर मी तो लिहून ठेवला आहे, अंदाजे आठशे रुपये.