दुखण्याची खोली

आईने छातीतली गाठ आम्हांपासून कित्येक महिने लपविली. गोंदियातल्या आमच्या घरी ती विड्या वळीत असे. मांडीवर सूप, हाताशी कात्री, मापाचा पत्रा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. पुढे उपचारांसाठी नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. गाडीत कोणी विचारलेच तर ‘पोटाचे दुखणे आहे’ हे तिचे ठरलेले उत्तर. त्या अवयवाचे नावच आमच्या घरात कधी उच्चारले जात नव्हते, तेथे त्याला झालेल्या कर्करोगाचे कोण उच्चारणार?

आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात रुम्माना हुसेन यांच्या मांडणशिल्पाचे छायाचित्र माझ्या पाहण्यात आले. मुंबईत राहणाऱ्या हुसेन मूळच्या चित्रकार. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत मशीद पाडली गेली, त्यानंतर त्यांनी फुटकी मडकी, आरसे, घरगुती वस्तू यांतून कलाकृती घडविण्यास आरंभ केला. पुढे त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. ‘अ स्पेस फॉर हीलिंग’ ही कृती त्या आजारपणातली, १९९९ सालची. (त्याच वर्षी १ मे रोजी आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला.) ब्रिस्बेन येथील आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात ती मांडली गेली तेव्हा हुसेन हयात नव्हत्या.

यात छिन्नीचा घाव कोठेच नाही. मग हे शिल्प कसले, असे मलाही प्रथम वाटले. शेंदरी व सोनेरी रंगांच्या त्या खोलीत भिंतीवर लोखंडी अवजारे अशी लावली आहेत, की दुरून त्या उर्दू लिपीतील ओळी भासाव्यात. प्लास्टिकच्या नळ्यांवर कापड ताणलेले आहे. पाहताच रुग्णाला वाहून नेण्याचे स्ट्रेचर आठवते. इस्पितळ आणि प्रार्थनास्थळ जणू एकाच छपराखाली. आपल्याला यात परके वाटण्याचे कारण नाही. हातोडा, खिळे, सांडशी ही ख्रिस्ताच्या दुःखसहनाची साधने कॅथॉलिक शिल्पकारांनी शतकानुशतके कोरली आहेत.

मात्र रोगी स्त्रीचा देह हुसेन यांनी येथे दाखविलेला नाही. आहे ती फक्त त्याची रिकामी जागा. ते कापड पाहताना नागपूरच्या वॉर्डातील खाट मला आठवली. चादर सरळ करीत आई म्हणाली होती, “नाव सांगू नकोस हो कोणाला.”

तिची कात्री माझ्याकडे आहे. तिला सोनेरी रंग द्यावा असे एकदा मनात आले होते. आईला विचारले असते तर ती म्हणाली असती, “अगं, मग पाने कशाने कापू?”