पोर्तुगीज चर्चच्या बाजूला

जीर्णोद्धार हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. चांगलं काळ्या दगडाचं देऊळ असतं. गावातल्या कुणाला तरी मुंबईत बरे दिवस येतात आणि देवाच्या नशिबी न्हाणीघरातल्या फरशा येतात. वर ऑइलपेंट, आणि देणगीदाराचं नाव देवापेक्षा मोठं.

दादरच्या पोर्तुगीज चर्चचं मात्र उलटं झालं. तिथं जुनं झाकलं नाही, काढूनच टाकलं! १५९६ साली फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी स्थापलेलं हे देवस्थान चार्ल्स कोरियांनी १९७४ ते ७७ मध्ये पार नव्यानं उभारलं. चर्च म्हटलं की आपल्याला मनोरा, घंटा नि टोकदार खिडक्या हव्यात. (हिंदी सिनेमानं लावलेली सवय, दुसरं काय!) इथं पाहावं तर काँक्रीटचे उंच निमुळते घुमट आणि मधूनमधून उघडी अंगणं. गिरणगावातल्या माणसाला धुराडीच आठवायची. तसं ते फारसं चूकही नाही. आतली तापलेली हवा वर चढून टोकाच्या झरोक्यातून पसार होते आणि तिच्या जागी अंगणातली हवा आत येते. मे महिन्यातलं लांबलचक प्रवचन ऐकणाऱ्यालाच या शास्त्राची खरी किंमत कळेल. वर मान केली की हुसेन यांनी रंगवलेला ख्रिस्त. अनवाणी हिंडणाऱ्या चित्रकाराला हे काम मिळालं, हेही बरंच झालं.

आमचे एक शेजारी तिथले जुने भाविक. ते म्हणायचे, "अहो, सगळं झकास आहे. पण माझ्या बापाचं लग्न लागलं ते चर्च कुठाय यात?" यावर कुठला आर्किटेक्ट काय उत्तर देणार? मीही गप्प बसलो. पण मिस्सा संपल्यावर हेच गृहस्थ अंगणात तासभर गप्पा छाटत उभे असायचे. बायको हाताला धरून ओढायची तेव्हा निघायचे. अंगण ही चीज पोर्तुगिजांच्याही आधीची. वाड्यात वाढलेल्या माणसाला ती कुणी शिकवावी लागत नाही. कोरियांनी भिंती नव्या घातल्या, पण ही जुनी सवय मोकळी ठेवली. बाथरूमच्या फरशांपेक्षा मला हा जीर्णोद्धार केव्हाही पसंत.

राहता राहिलं नाव. पोर्तुगिजांनी १६६१ च्या तहात मुंबई आंदण देऊन टाकली, त्यांच्या नावाची इमारतही गेली. तरी टॅक्सीवाल्याला 'अवर लेडी ऑफ साल्व्हेशन' असं सांगून पाहा. तो मीटर टाकायच्या आधी विचारतो, "मतलब, पोर्तुगीज चर्च के बाजू में क्या?"